यंदा एकही नवं रोप लावू नका

आलेलं पत्र:

ताई, आमच्या घरांलगतच्या मोकळ्या जागेवर तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून फळबाग लावली. आंबा, पेरू, सीताफळ, लिंबू, मोसंबी, चिकू अशी ४० कलमं. लागवडीच्या दिवशी ६० जण आले होते. प्रत्येक झाडाला लावणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पाटी आहे, पण पाटीवरची बहुतेक माणसं नंतर फिरकली नाहीत. नियमित येतो आम्ही चौघं. वेळापत्रक, फोन, मोटरीची किल्ली, सगळं माझ्या गळ्यात. १७ झाडं गेली. पेरूला फळ धरलं की ते कच्चंच गायब होतं आणि नेणारे कधी बादलीला हात न लावलेले. मागच्या हंगामात मी आंब्याचा मोहोर खुडला, तर एका काकांनी चारचौघांत ‘झाडाचा गर्भ पाडलात’ असं ऐकवलं. एक दादा हौसेनं करवत घेऊन आले आणि सीताफळांचे खुंट करून गेले. चांगली गोष्ट एकच: एक मोसंबी जोरात वाढलीय, माझ्या डोक्यावर गेलीय, काटे मात्र फार आहेत. आता मंडळी म्हणतात, येत्या पावसाळ्यात आणखी ५० झाडं लावू म्हणजे उत्साह परत येईल. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी सोडून द्यावं का?
– कायम पाण्याच्या पाळीवर

प्रिय पाळीवरच्या मैत्रिणी,

आधी उत्तर, मग कारणं. यंदा एकही रोप लावू नका. ५० नाही, ५ नाही, कुणाच्या आठवणीसाठीचं एखादंही नाही. सोडण्याचा प्रश्न शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर मधल्या गोष्टींवर अवलंबून आहे.

बैठकीत ‘नको’ म्हणणं जड जाईल, हे मला माहीत आहे. लागवड म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि नको म्हणणारी बाई खडूस ठरते. म्हणून तिथे रुसवा घेऊन जाऊ नका, बादल्यांचा हिशेब घेऊन जा. कोवळ्या कलमाला उन्हाळ्यात एका वेळी साधारण १५ लिटर, म्हणजे एक बादली पाणी धरा, आठवड्यातून दोनदा. जमीन मुरमाड असेल तर थोडं थोडं पण जास्त वेळा द्यावं लागेल, काळी चिकण असेल तर पाळ्या लांबवता येतील, पण हिशेबाला बादली बरी. आज २३ झाडं आणि चार माणसं, म्हणजे माणशी सहा बादल्या. जमतं. पावसाळ्यात ५० लावली की पुढच्या उन्हाळ्यात ७३ बादल्या, माणशी १८. अठरा बादल्या म्हणजे २७० लिटर, जवळजवळ पावणेतीन क्विंटल ओझं, आठवड्यातून दोनदा. कुणीतरी म्हणेलच, ‘अहो, पाइप आहे की.’ पाइपही कुणीतरी धरावा लागतो आणि धरणारे तेच चौघं. लावायच्या दिवशी तुमच्याकडे झाडामागे दीड माणूस होता, आज माणसामागे सहा झाडं आहेत. हे एवढं एक वाक्य बैठकीत म्हणा आणि गप्प बसा.

एवढ्यानं भागलं नाही तर जागा मोजायला लावा. कलमी आंबा साधारण १० बाय १० मीटरवर लावतात. म्हणजे एकेका आंब्याला जवळजवळ एक गुंठा. पेरूला ६ बाय ६ मीटर धरलं तरी ३६ चौरस मीटर झाले. आज दोन झाडांच्या मध्ये मोकळी जमीन दिसते आणि हात शिवशिवतात, पण ती जमीन मोकळी नाही, दहा वर्षांनंतरच्या फांद्यांसाठी राखलेली आहे. दाटीत लावलेली झाडं उजेडासाठी नुसती उंच होत जातात, फळं शेंड्याला लागतात आणि खाली ओलसर सावलीत रोगांची चंगळ होते.

मग पावसाळ्यात करायचं काय? माणसांना कुदळ हवी असते, खड्डे हवे असतात. द्या की. गेलेली १७ झाडं उकरायला लावा.

मी थट्टा करत नाही. बागेत सगळ्यात जास्त शिकवतं ते मेलेलं झाड, आणि आपण नेमकं तेच गुपचूप उपटून कोपऱ्यात टाकतो. उकरण्याआधी खोडाची साल नखानं जरा खरवडून बघा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर ते झाड मेलेलं नाही, त्याला मोजणीत परत घ्या. सुकं तपकिरी लागलं तर खाली खरवडत या, जमिनीलगत हिरवं सापडू शकतं. अगदीच गेलं असेल तर मुळांच्या गोळ्यासकट बाहेर काढा आणि चौघं-पाच जण भोवती बसून बघा. मुळं अजून पिशवीच्या आकारात गोलगोल गुंडाळलेली असतील, किंवा काळी प्लॅस्टिकची पिशवीच जशीच्या तशी निघेल. ६० जणांच्या गर्दीत एकदोन पिशव्या न फाडता खड्ड्यात गेलेल्या असतातच. खोडाचा खालचा वीतभर भाग मातीत गाडलेला आणि साल कुजलेली दिसेल: रोप नर्सरीच्या मातीच्या पातळीपेक्षा खोल लावलं गेलं. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या, जाड अळ्या निघाल्या तर ती हुमणी. कच्चं शेण खड्ड्यात टाकलं की ती मुक्कामाला येते, म्हणून शेणखत पुरतं कुजलेलं, हातात भुरभुरणारं, वास नसलेलं लागतं. मुळं काळी आणि मऊ असतील तर पाणी जास्त झालं, कडक आणि ठिसूळ असतील तर कमी पडलं. १७ झाडांना १७ कारणं नसतात, तीन-चार असतात. ती कागदावर आली की तुमच्या मंडळींना पहिल्यांदाच कळेल की झाडं ‘नशिबानं’ गेली नाहीत.

माझ्याही हातून एक लिंबू असंच गेलं. अशाच एका सगळ्यांच्या बागेत मी नवी होते आणि फार मायेची होते. वाळल्या पाल्याचं आच्छादन चांगलं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून खोडाला टेकवून चांगला गुडघाभर ढीग रचला. वर रोज झारी. काही महिन्यांनी पानं पिवळी पडली, मी पाणी वाढवलं. मग एक दिवस पाला बाजूला केला तर बुंध्यापाशी सालीतून मधासारखा डिंक ओघळून वाळला होता आणि बोट लावलं तर साल सुटून हातात आली. लिंबूवर्गात याला डिंक्या म्हणतात. मुळाशी असणारी बुरशी ओल्या बुंध्यातून शिरते. पाला हवाच, चांगला चार बोटं जाडीचा, त्यानं पाण्याच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात, पण खोडापासून वीतभर लांब. पाणीही खोडाला भिडता कामा नये. बुंध्याशी मातीचा छोटा उंचवटा करा आणि त्याच्याबाहेर गोल आळं, म्हणजे पाणी कड्यासारखं फिरतं आणि खोड कोरडं राहतं. तीन वर्षांच्या झाडाचं आळं आता बाहेर सरकवा, फांद्यांची टोकं जिथवर पोचली आहेत त्याच्या खाली. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं तिकडे, वरच्या हात-दीड हात मातीत असतात. बुंध्यावर पाइप धरून उभं राहणाऱ्याला पुण्य मिळत असेल, झाडाला फारसं काही मिळत नाही.

आता तुमची ती लाडकी मोसंबी. वाईट बातमी द्यायला नको वाटतं, पण जोरात वाढलेली आणि फार काटेरी म्हटल्यावर माझ्या मनात शंका आली. मोसंबीचं कलम म्हणजे दोन झाडं: खाली जंभेरीसारख्या काटेरी लिंबाचा रांगडा खुंट, वर त्यावर भरलेला मोसंबीचा डोळा, म्हणजे कोंब. पाण्याची ओढ बसली किंवा कुणी शेंडा मोडला की वरचा डोळा सुकतो आणि खालचा खुंट मोकाट फुटतो. जंभेरी दांडगी वाढते आणि काटेही बक्कळ. बुंध्याशी बसून बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर कुठेतरी साल बदललेली, किंचित वाकडी किंवा गाठीसारखी जागा दिसेल, तो जोड. तुमची ही उंच काटेरी फांदी जोडाच्या खालून निघाली असेल तर ती मोसंबी नाही. जोडाच्या वर एखादी मरतुकडी का होईना जिवंत फांदी शिल्लक असेल, तर खालची दांडगी फूट जिथून निघाली तिथूनच पुरती काढून टाका. मन घट्ट करून काढा, अर्धवट कापलीत तर दुप्पट फुटेल. वरचं सगळं गेलं असेल तर झाड उपटू नका. तुमच्याकडे तयार, रुजलेला, दणकट खुंट आहे. डोळा भरता येणाऱ्या माळ्याला बोलवा, मोसंबीची डोळकाडी आणायला सांगा आणि त्या दिवशी जमतील तेवढ्यांना बघायला बोलवा. सालीत टी आकाराची चीर देऊन त्यात नखाएवढा डोळा बसवताना माणसं श्वास रोखून बघतात. एवढा उत्साह ५० खड्ड्यांतून यायचा नाही. आणि जोरात वाढण्याचं काहीच कारण सापडलं नाही, फांदी जोडाच्या वरूनच आलेली निघाली, तर माझा अंदाज चुकला म्हणा आणि खुशाल मिरवा. मोसंबीच्या कोवळ्या, सरळसोट वाढणाऱ्या फुटींनाही काटे असतात, त्यांना पानसोट म्हणतात. तेही काढायचेच, पण ते दुखणं किरकोळ आहे.

बाकीच्या २२ झाडांचेही जोड याच वेळी बघून घ्या. आणि तिथे बसलाच आहात तर त्या पाट्याही.

पत्र्याची पाटी म्हणजे ती बांधलेली असणार तारेनं, नाहीतर नायलॉनच्या दोरीनं. तीन वर्षांपूर्वी खोड करंगळीएवढं होतं, तार सैल होती. आता खोड मनगटाएवढं झालं आणि तार तेवढीच आहे. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. तार रुतली की ती वाट बंद, वरती गाठ फुगते, खाली मुळं उपाशी. एखादी तार सालीनं पार गिळलेली असेल, तिला ओढू नका, दोन बाजूंनी कापून सुटेल तेवढीच काढा. आधाराच्या काठीला बांधलेल्या सुतळ्याही सोडा. तीन वर्षांचं झाड अजून काठीला टेकत असेल तर वाऱ्यात हलायचं, खोड जाड करायचं ते शिकलेलंच नाही. नावं लिहायचीच असतील तर झाडाशेजारी जमिनीत खुंटी ठोकून तिच्यावर लिहा. खरं सांगू? मला ही नावं फारशी पटत नाहीत. लावणाऱ्याचं नाव पत्र्यावर, आणि तीन उन्हाळे पाणी घालणारीचं कुठेच नाही.

मोहोराचं बोलायचं तर काकांनी जो शब्द वापरला तो एका बाईला चारचौघांत ऐकवायचा नव्हता. तुम्ही त्यावर काही बोलला नसाल असं वाटतं. एकदा एकट्यात सांगा, ‘काका, तो शब्द लागला.’ त्यापुढे वाद नको, कारण झाडाच्या बाबतीत दोघांनाही आपापल्या जागी मान मिळेल अशी वेळ आली आहे. कलमी आंब्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो, कारण वर बांधलेली काडी मोठ्या झाडाची असते, तिच्या लेखी ती वयातच आलेली असते. खाली मुळं मात्र लहान. म्हणून पहिली तीनेक वर्षं मोहोर खुडतात, ताकद फांद्या-मुळांत जाऊ देतात. तुम्ही खुडलात ते बरोबर केलंत. आता तीन वर्षं भरली. येत्या हंगामात ज्या आंब्यांचं खोड चांगलं मनगटाएवढं झालंय, त्यांच्यावर थोडी फळं ठेवता येतील, बारीक खोडांवरचा मोहोर याही वर्षी काढायचा. कोणत्या झाडावर ठेवायचा हे काकांनाच ठरवू द्या. माप तुम्ही सांगा, निवड त्यांची. त्यांना हेही सांगा की आंब्याच्या मोहोरात हजारो फुलं असतात आणि झाड स्वतःच बहुतेक सगळी गाळतं, शेवटपर्यंत टिकणारी बोटांवर मोजण्याइतकी. आपण खुडतो ते झाडाच्या हिशेबात फारसं काही नाही. काकांचं झाड जरा मागे पडलंच तर पडू दे, निदान ते त्याला पाणी घालायला येतील.

करवतवाल्या दादांचं नशीब चांगलं म्हणून त्यांच्या तावडीत सीताफळ सापडलं. ते छाटणी सोसतं आणि नव्या फुटीवर त्याला फुलं येतात, पेरूचंही तसंच. हाच पराक्रम त्यांनी आंब्यावर केला असता तर फुलायला तयार झालेले शेंडेच गेले असते, आंबा आधी पक्व झालेल्या काडीच्या टोकाला मोहोरतो. एवढा फरक समजला तरी पुष्कळ. कापायची जागा त्यांना हातानं दाखवा: फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर कडं असतं, ते कडं राखून त्याच्या लगत बाहेर कापायचं. कडं गेलं तर जखम भरत नाही, हातभर ठोंब ठेवला तर तो वाळून आत कूज उतरते. जड फांदी असेल तर आधी जरा पुढे खालून थोडं कापून घ्यायचं, मग वरून, म्हणजे पडताना ती साल सोलून नेत नाही. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट नको. हौशी माणसाला हाकलू नका. करवत काढून घ्या, चांगलं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात द्या आणि छाटणीला दोन माणसं हवीतच असा नियम करा. एक कापणार, दुसरा फक्त विचारणार, ‘ही का?’

आता पेरू. इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ मेदोक नावाचा द्राक्षांचा भाग आहे. तिथले बागाईतदार वाटसरूंच्या चोऱ्यांना कंटाळले होते, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडत, फळ विषारी दिसावं म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथून जाताना थबकले. केवडा नावाच्या रोगानं सगळे वेल झडले होते, रस्त्याकडेचे तेवढे हिरवे होते. त्यातून पुढे प्रयोग झाले, १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि आजही बागाईतदार लिंबाच्या बुंध्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १० लिटर पाणी अशी जी बोर्डो पेस्ट फासतात, तिचं कूळ त्या चोरांपर्यंत जातं. तुम्ही पेरूला मोरचूद फासा असं मी म्हणत नाहीये! एवढंच, की सगळ्यांच्या नजरेसमोरचं फळ राखण्याची डोकेदुखी तुमच्या बागेत सुरू झालेली नाही.

कच्चा पेरू नेणारा माणूस भुकेला असतो असं मला वाटत नाही. त्याला भीती असते, आज मी थांबलो तर उद्या दुसरा नेईल. ही भीती नियमानंच जाते, पाळत ठेवून जात नाही. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली सामाईक कुरणं, जंगलं, पाट, मासेमारीच्या जागा अभ्यासल्या आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. जे सामाईक टिकतं तिथे त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: आपल्यातले कोण हे स्पष्ट असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, लक्ष ठेवणारे आपल्यातलेच असतात, पहिली चूक थोडक्यात सोडतात आणि पुढच्या चुकीला दंड वाढवत नेतात. तुमच्या बागेत फळाचा नियमच नाही. मग मोडला कुणी म्हणायचं?

माझं मत विचाराल तर: ज्यांनी झाड सांभाळलं त्यांची पहिली तोडणी, उरलेलं जे कुणी त्या दिवशी येईल त्याचं, आणि शेंड्याचं पाखरांचं. तोडणीची तारीख फळ्यावर आठवडाभर आधी. त्याच फळ्यावर हेही लिहा की मोसंबी, लिंबू, डाळिंब तोडल्यावर घरी गोड होत नाहीत, आणि आंबा, चिकू पुरते भरल्याशिवाय काढले तर अढीत नुसते सुरकुततात. पुष्कळांना हे खरोखर माहीत नसतं. आणि पेरू लिंबाएवढा झाला की त्याला कागदाची किंवा जुन्या कापडाची पिशवी बांधा. पिशवीतलं फळ दिसत नाही, हा एक फायदा. त्याहून मोठा म्हणजे फळमाशीला सालीवर अंडी घालायला जागा राहत नाही. हे काम मुलांना द्या, प्रत्येक पिशवीवर बांधणाऱ्या पोराचं नाव. स्वतःच्या नावाच्या पिशवीवर पोरं जी राखण करतात ती वॉचमनला जमणार नाही. खाली पडलेली फळं मात्र रोजच्या रोज उचला आणि दोन फूट खोल पुरा. नाहीतर त्यांतल्या अळ्या मातीत जाऊन माश्या होऊन वर येतात आणि मग पिशव्याही पुऱ्या पडत नाहीत.

राहता राहिली माणसं. तुम्ही दिवस वाटलेत ना, सोमवार यांचा, मंगळवार त्यांचा? ते बंद करा, झाडं वाटा. सोमवार चुकला तर तो हवेत विरून जातो, कोमेजलेलं झाड जागेवर उभं राहून सगळ्यांना दिसतं. शेजारशेजारची तीन झाडं दोन माणसांकडे. २३ झाडांना आठ जोड्या, म्हणजे १६ माणसं. ६० मधून १६ मिळतात. पण सगळ्यांना मिळून ‘या हो, येत चला’ असा मेसेज टाकून नाही. तुम्ही चौघांनी पंधरा-पंधरा जण वाटून घ्या आणि प्रत्येकाला भेटून नेमकं विचारा: ‘शनिवारी सकाळी सात ते पावणेआठ, हे तीन पेरू, मार्चपर्यंत. जमेल का?’ नाही म्हणाले तर मनापासून बरं म्हणा. स्पष्ट नाही म्हणणाऱ्याचा काही त्रास नसतो, हो म्हणून न येणारा महाग पडतो. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना वही द्या: तारीख, झाडाचा नंबर, काय केलं, काय दिसलं. वर्षभरानं ती वही कुठल्याही माळ्यापेक्षा जास्त सांगेल. जोड्या आठच्या ऐवजी सहाच मिळाल्या, तर १८ झाडं त्यांची आणि पाच तुमच्या चौघांची. तेवढं झेपेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण मला तिचा वास येतो. कुणाची पाळी चुकली की तुम्ही गुपचूप जाऊन पाणी घालता. मग घरी येऊन चिडता. हो ना? समोरच्याला कळणार कसं की त्याच्यावाचून काही अडलं? तीन वर्षांचं, पाल्याखाली जमीन झाकलेलं झाड एका चुकलेल्या पाळीनं मरत नाही. दुपारी पानं माना टाकतील, संध्याकाळी सावरतील. दुसऱ्या दिवशी सकाळीही सावरली नसतील तर तहान खरी. तोवर त्या माणसाला एक फोन करा, ‘तुमचे पेरू कोमेजलेत,’ एवढाच, पुढे एक अक्षर नाही. आणि बादलीला हात लावू नका. तुम्हाला हे हुमणीपेक्षा अवघड जाणार आहे.

सोडून द्यावं का, असं विचारलंत. मोटरीची किल्ली सोडा. ती तुमच्या पर्समध्ये आहे तोवर बाग तुमचीच आहे असं सगळे धरून चालणार, आणि मनातून थोडंसं तुम्हीही. बैठकीत बादल्यांचा हिशेब मांडून झाला की सांगा, दिवाळीपर्यंत वेळापत्रक मी बघते, नंतर दुसऱ्या कुणी. किल्लीच्या तीन प्रती काढा आणि वाटून टाका. कुणीच पुढे आलं नाही तर वेळापत्रक बंद पडू द्या, तुमची तीन झाडं धरा आणि शनिवारी सात वाजता तेवढ्यांपुरतंच जा. काही झाडं जातील. जी जातील ती तशीही तुमच्या पाठीवर उभी होती.

उकरायला जाल तेव्हा मुळांजवळच्या कामाला जुनं धारदार खुरपं न्या, तिथे कुदळीनं मुळं तुटतात आणि मग काही कळत नाही. आणि त्या मोसंबीचा जोड कुठे निघाला ते मात्र मला नक्की कळवा.

– तुमची ताई